सांत आंतोनच्या नगरीत

परदेशाहून परतलेल्या मनुष्यास आपली मंडळी जो पहिला प्रश्न विचारतात तो तेथील भव्य चर्चेसविषयी नसतो, की राजवाड्यांविषयीही नसतो. "तिकडे खायला काय मिळतं?" हाच तो प्रश्न होय. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही पोर्तुगालची यात्रा करून परतलो, तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्हांसही हेच विचारण्यात आले. त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. सांगण्यासारखे पुष्कळ होते; परंतु त्यातील एक भाग आमच्याच धर्मग्रामातील एका घराशी निगडित होता, व तो उघड करण्याची आम्हांस मोकळीक नव्हती. आता ती मिळाली आहे. ज्या माउलीची व तिच्या ज्या मुलाची हकीकत पुढे येणार आहे, त्या दोघांनीही "लिहा, फादर" असे आपण होऊन सांगितले आहे. नावे मात्र आम्ही लिहीत नाही.

यात्रा अर्थातच फातिमाची होती. फातिमाविषयी आमच्या वाचकांनी लहानपणापासून इतके ऐकले आहे की त्यासाठी स्वतंत्र लेखच हवा. तो पुढे केव्हा तरी लिहू. येथे लिस्बन शहरात घालविलेल्या दिवसांपुरतेच बोलावयाचे आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती बाई पिशवी घेऊन आमच्याकडे आली. तिचा मुलगा लिस्बनला नोकरीस आहे हे आम्हांस ठाऊक होते. त्याचे आजोबा मूळचे गोव्याचे. तरुणपणी घाट चढून आमच्या बाजूस कामासाठी आले व येथेच राहिले. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या नागरिकत्वात आपली नोंद करून घेता येते, आणि त्या नोंदीच्या जोरावर गोव्यातील व आमच्या घाटमाथ्यावरील पुष्कळ तरुण युरोपात गेले आहेत. या मुलानेही आजोबांच्या जन्माचा दाखला शोधून काढला, दोन वर्षे कागदपत्रांमागे धावला, आणि भारताचा पासपोर्ट परत करून गेला. कारण आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे दोन देशांचे नागरिकत्व एकाच वेळी ठेवता येत नाही.

पिशवीत वर्षाच्या मसाल्याचा डबा, नाचणीचे पीठ, आमसुले व चोरिसांची एक लांबलचक माळ होती. मांसाचे व दुधाचे पदार्थ प्रवाशाने युरोपात नेऊ नयेत असा तिकडील कडक नियम आहे, हे आम्ही तिला समजावून सांगितले व माळ काढून परत दिली. तिचा चेहरा उतरला. "मग पोराच्या तोंडाला चव कशाची?" एवढेच ती म्हणाली. जाताना तिने आम्हांस आपल्या मोबाइलवरील छायाचित्रे दाखविली. मुलगा दर रविवारी एक छायाचित्र पाठवीत असे. स्वच्छ पांढरे कापड घातलेले मेज, चकचकीत काटे-चमचे, समोर भरलेली बशी, आणि मागे हसणारा मुलगा. "मोठ्या हॉटेलात आहे," ती म्हणाली, "पण मला डोळ्यांनी पाहून आलेला माणूस हवा. तुम्ही बघा, तो नीट जेवतो का."

हा निरोप घेऊन आम्ही निघालो.

तेजो नदी समुद्रास मिळते त्याच्या अलीकडे, टेकड्यांच्या उतारावर लिस्बन वसले आहे. पायवाटा म्हणजे पांढऱ्या व काळ्या दगडाच्या लहान लहान चिपा बसवून केलेली नक्षीच. दिसावयास सुंदर, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी इतकी गुळगुळीत झालेली की आमच्या साध्या चपलांनी आम्हांस दोनदा दगा दिला. पिवळ्या ट्रामगाड्या अरुंद गल्ल्यांतून अशा जातात की घराच्या भिंतीस हात लागावा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चेस माणसांनी भरलेली असताना येथे भीषण भूकंप झाला. मागोमाग समुद्र शहरात शिरला, आणि वेदींवरील मेणबत्त्यांपासून व घरोघरच्या चुलींपासून लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. मधला सखल भाग त्यानंतर सरळ रस्ते आखून नव्याने बांधण्यात आला. टेकडीवरील आल्फामा नावाचा जुना मोहल्ला मात्र पुष्कळसा वाचला, आणि आजही तेथील गल्ल्या आपल्या कोकणातील पाखाड्यांसारख्या वर-खाली वळत जातात.

आम्हांस पोर्तुगीज येत नाही. सेमिनरीत जे थोडे लॅटिन पदरी पडले ते दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरते उपयोगी पडले. तथापि मराठी बोलणारा मनुष्य लिस्बनमध्ये उपाशी मरणार नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी जाणले. पाव त्यांचाच, आपण तो शब्द त्यांच्याकडून घेतला. ते तो जरा नाकातून उच्चारतात इतकेच. बटाट्यास ते 'बताता' म्हणतात, कोबीस 'कोव्ह', चहास 'शा'. उतारूगृहातील बाईंनी हातात चावी दिली तेव्हा 'शाव्ह' म्हणाल्या, आणि मोरीत साबण नव्हता तो आम्ही 'साबण' असेच म्हणून मागितला व मिळविला. नाताळ हा शब्दही तेथलाच. आपल्या स्वयंपाकघरात व देवघरात हे पाहुणे किती शतकांपासून राहत आहेत, आणि आपण त्यांस घरचेच समजतो!

आता पावाविषयी. आपल्याकडे पाव म्हणजे मऊ, फुगीर, चहात बुडवावयाचा. तेथील गावठी पाव तसा नव्हे. त्याचे कवच कठीण, आतील अंग जाळीदार व किंचित आंबूस; तो भाकरीसारखा दाताखाली चावून खावा लागतो. पाव नाही असे जेवणाचे मेज आम्ही तेथे पाहिले नाही. आणि शिळा पावही ते टाकीत नाहीत. दक्षिणेकडील आलेंतेजो प्रांतातील गरीब शेतकऱ्यांचा 'आसोर्दा' नावाचा एक पदार्थ आम्हांस एका धर्मगुरूंनी मुद्दाम खाऊ घातला. लसूण, मीठ व हिरवी कोथिंबीर एकत्र कुटावी, त्यावर ऑलिव्हचे तेल घालावे, कढत पाणी ओतावे, त्यात शिळ्या पावाचे तुकडे भिजवावेत व वर एक अंडे सोडावे, झाला आसोर्दा. पहिला घास घेताच आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. शिळ्या भाकरीचा कुस्करा, लसणीची फोडणी व वर कोथिंबीर, हेच तर ती आम्हां भावंडांना देत असे. युरोपात कोथिंबीर इतक्या मोकळ्या हाताने वापरणारे लोक पोर्तुगीजांसारखे दुसरे क्वचितच.

याच पावाने आमची फजितीही केली. एका लहानशा खानावळीत आम्ही बसतो न बसतो तोच वाढप्याने पावाची टोपली, ऑलिव्हची फळे, लोणी व चीजचा तुकडा आणून ठेवला. काय ही अतिथ्यशीलता, असे मनात म्हणत आम्ही टोपली रिकामी केली. त्याने दुसरी आणली, तीही अर्धी संपविली. बिल आले तेव्हा त्यात त्या पाहुणचाराची किंमत स्वच्छ अक्षरांत मांडलेली होती. आमच्या सोबतचे वयस्कर फादर, जे पूर्वी एकदा येऊन गेले होते, ते शांतपणे म्हणाले, "नको असेल तर परत पाठवायचं असतं." हे त्यांनी आधी का सांगितले नाही, हा प्रश्न आम्ही यात्रेचे पुण्य राखण्यासाठी विचारला नाही.

माशाची हकीकत याहून मजेची आहे. पोर्तुगालचा किनारा एवढा लांब, ताज्या मासळीने बाजार भरलेले. तरी या लोकांचा सर्वांत लाडका मासा त्यांच्या समुद्रात सापडतच नाही! कॉड नावाचा हा मासा उत्तरेच्या थंड समुद्रातील. तो खारवून सुकवून येथे येतो व त्यास 'बाकाल्याव' म्हणतात. दुकानात तो फळ्यांप्रमाणे रचलेला असतो, आणि त्याचा वास सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या माणसास क्षणात घरी नेऊन सोडतो. शिजविण्यापूर्वी तो एक-दोन दिवस पाण्यात ठेवून पाणी वारंवार बदलावे लागते. पूर्वीच्या काळी वर्षात मांस वर्ज्य असे दिवस पुष्कळ असत, आणि किनाऱ्यापासून दूरच्या खेड्यांत ताजी मासळी पोहोचत नसे; म्हणून न नासणारा हा मासा घरोघर शिरला. उपवासाचा मासा शेवटी सणाचा झाला. नाताळच्या आदल्या रात्री पुष्कळ घरांत आजही उकडलेला बाकाल्याव, बटाटे व कोबी, वर ऑलिव्हचे तेल, असे साधेच जेवण असते.

गोडाविषयी थोडक्यात. बेलें येथे हिएरोनिमाइट संन्याशांचा जुना मठ आहे. वास्को द गामाची समाधी तेथेच. १८३४ साली सरकारने मठ बंद केले, आणि शेजारच्या दुकानात १८३७ पासून मठाच्या पाककृतीप्रमाणे अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या लहान पुऱ्या विकल्या जाऊ लागल्या. त्यावर दालचिनीची पूड घालून खातात. ती दालचिनी पूर्वेकडील समुद्रांतून ज्या वाटेने तेथे गेली, त्याच वाटेने १५४१ च्या ७ एप्रिल रोजी याच बंदरातून संत फ्रान्सिस झेवियर आपल्याकडे निघाले. गोव्याचे बेबिंक खाल्लेल्या माणसास या पुरीची ओळख पटण्यास वेळ लागत नाही. आमचे मत विचाराल तर बेबिंकच सरस.

शहरातील लोकांच्या जेवणाची एक गोष्ट मात्र आमच्या मनास लागून राहिली. कॉफी ते उभ्या-उभ्या पितात. कप तो केवढा, तर दोन घोटांत संपणारा. दुपारी कितीतरी माणसे दुकानाच्या लांब फळीपाशी एकटी उभी राहून किंवा उंच स्टुलावर बसून सूप व पाव खातात, पैसे ठेवतात व निघून जातात. शेजाऱ्याशी शब्द नाही. सकाळच्या मिस्सेस येणाऱ्या म्हाताऱ्या बायका आम्ही पाहिल्या. मिस्सा संपली तरी त्या लवकर उठत नसत. यजमान फादरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "घरी कोणी वाट पाहणारं नाही." आल्फामातील जुनी घरे आता प्रवाशांस भाड्याने देण्यात येतात; भाडी इतकी चढली आहेत की तेथे जन्मलेल्या तरुणांस तेथे राहणे परवडत नाही. म्हातारी माणसे तेवढी खिडकीत उरली आहेत.

मुलाची भेट ११ जून रोजी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी झाली. जागा आम्हीच ठरविली होती: शहराच्या मध्यभागी असलेल्या सां दोमिंगो चर्चचे दार. हे चर्च आमच्या वाचकांनी पाहावयास हवे. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ते आतून जळाले. पुन्हा उभारताना तडकलेले, काजळलेले खांब तसेच ठेवण्यात आले. वर नुसते तांबूस रंगाचे छत. सोन्याने मढविलेल्या कित्येक वेदी आम्ही त्या प्रवासात पाहिल्या, परंतु गुडघे टेकावेसे वाटले ते या जळक्या खांबांपाशी. दाराबाहेरच्या चौकात एक स्मारक आहे. १५०६ सालच्या एप्रिलमध्ये याच चर्चमधून उसळलेल्या जमावाने, नव्याने ख्रिस्ती करण्यात आलेल्या यहुद्यांची कत्तल केली, त्याचे ते स्मारक. आपल्याच धर्मबांधवांच्या हातून, आपल्याच मंदिराच्या दारात हे घडले, हे वाचताना मान खाली जाते. आज त्याच चौकात आफ्रिकेतून आलेली मंडळी दिवसभर उभी असतात, बोलतात, काही-बाही विकतात. आणि त्या गर्दीत आमचा मुलगा उभा होता.

छायाचित्रापेक्षा तो बराच रोड दिसला. त्याने वाकून आमचा हात कपाळास लावला व पहिले वाक्य बोलला, "फादर, तुम्हाला भात हवा असेल." खरे सांगावयाचे तर हवाच होता. पोर्तुगीज लोक भात खातात, युरोपातील इतरांपेक्षा अधिकच खातात. पण आमटीवाचून भात तो कसला? पाच मिनिटांच्या वाटेवर मोरारिया नावाचा मोहल्ला आहे. शेकडो वर्षांपूर्वी येथे मूर लोकांस वस्ती करून दिली होती. आज तेथे बंगाली, नेपाळी, पंजाबी, गुजराती अशा आपल्याकडच्या लोकांची दुकाने आहेत. हिरव्या मिरच्या, आले, मसूर, तांदळाची पोती. एका बंगाली खानावळीत आम्ही वरण-भात व माशाचे कालवण हाताने जेवलो. पैसे त्याने आम्हांस देऊ दिले नाहीत. त्याने स्वतः दोन वेळा भात घेतला, आणि तिसऱ्या वेळी वाढप्याकडे पाहून नको म्हटले. ते नको कसले होते हे आमच्या ध्यानी आले.

मग तो आम्हांस आपल्या खोलीवर घेऊन गेला. तिसरा मजला, अरुंद जिना. एका खोलीत एकावर एक अशा सहा खाटा; सहा माणसे, चार देशांची. चूल सामाईक, तीही पाळीपाळीने. आम्ही पिशवी त्याच्या हाती दिली. त्याने मसाल्याच्या डब्याचे झाकण उघडले, लगेच बंद केले, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडले. "वास संपेल असं वाटतं," तो म्हणाला.

तेथे बसून त्याने सर्व सांगितले. तो हॉटेलात होता हे खरे, पण भांडी घासण्याच्या कामावर. पगाराचा अर्ध्याहून अधिक भाग त्या खाटेच्या भाड्यात जाई. उरलेल्यातून घरी पैसे पाठवावयाचे, कागदपत्रांसाठी काढलेले कर्ज फेडावयाचे. संध्याकाळी गिऱ्हाइके येण्यापूर्वी कामगारांस सूप व पाव मिळे, तेच मुख्य जेवण. सुट्टीच्या दिवशी तेही नाही.

"आणि ती छायाचित्रे?"

"मेज मांडून झालं की दोन मिनिटं मिळतात, फादर. बशी पाहुण्याची. मी बसतो, फोटो काढतो, उठतो." मग खाली पाहून म्हणाला, "आईला सांगू नका."

आम्ही धर्मगुरू, लोकांची गुपिते पोटात ठेवणे हे आमचे रोजचेच काम. पण हे पापनिवेदन नव्हते, आणि दुसऱ्या बाजूस आम्ही त्याच्या आईस डोळ्यांनी पाहून सांगण्याचे वचन दिले होते. आम्ही त्यास म्हटले, "आम्ही आपण होऊन काही सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उद्या सांत आंतोनची रात्र. गल्लीत या. आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी उद्याच."

आमच्या खेड्यापाड्यांतून ज्यांची नोव्हेना चालते ते पदुआचे संत अंतोनी मूळचे लिस्बनचे, हे कित्येकांस ठाऊक नसते. ११९५ च्या सुमारास ते येथे जन्मले, नाव फेर्नांदो. मोरोक्कोत हुतात्मे झालेल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष पोर्तुगालात आले तेव्हा त्यांनी तो झगा अंगावर घेतला. १३ जून १२३१ रोजी पदुआजवळ त्यांचे निधन झाले व वर्षही पुरे होण्याआधी त्यांना संतपद मिळाले. लिस्बनमध्ये कोणी 'पदुआचे अंतोनी' म्हटले तर तेथील लोक सौजन्याने पण ठामपणे दुरुस्ती करतात.

१२ जूनची दुपार लग्नांची. गरीब जोडप्यांची लग्ने एकत्र लावण्याची ही प्रथा १९५८ साली सुरू झाली, मध्यंतरी १९७४ नंतर खंडित झाली, व १९९७ पासून पुन्हा चालू आहे. एकामागून एक नववधू पायऱ्या उतरताना पाहिल्या. आमच्याकडे लग्नाच्या मंडपासाठी व बँडसाठी शेत गहाण टाकणारे बाप आम्ही प्रतिवर्षी पाहतो. त्यांना हे दृश्य दाखवावेसे वाटले. असो.

रात्र पडली तशी आल्फामा धुराने भरून गेली. प्रत्येक दारापुढे कोळशाची शेगडी, आणि शेगडीवर सार्डिन. म्हणजे आपली तारलीच म्हणा, जरा अंगाने भरलेली. साफही करीत नाहीत. खडे मीठ लावून अखंड भाजतात व पावाच्या तुकड्यावर ठेवून हातात देतात. मासा बोटांनी खावा. त्याचे तेल पावात झिरपत राहते, आणि शेवटी तो पाव खावा. खरी चव त्या शेवटच्या पावात आहे. डोक्यावर रंगीत कागदांच्या पताका, गाणी, घरोघरच्या आज्या खुर्च्या टाकून रस्त्यात बसलेल्या. दिवसभर ज्या खिडकीत एकट्या दिसत त्याच या, हे ओळखू येऊ नये. लोक एकमेकांस बारीक पानांच्या तुळशीची कुंडी देतात, तीत कागदाचे फूल व चार ओळींचे पद खोवलेले असते. नाक लावून तिचा वास घेऊ नये, म्हणतात. पानांवरून हात फिरवावा व हात हुंगावा.

अकराच्या सुमारास आम्ही त्याने सांगितलेल्या गल्लीत शिरलो. मागचे दार उघडे होते. आत वाफ, ओरडा, आणि माशांच्या काट्यांनी भरलेल्या बशांचे ढीग. तो बाहेर आला. कोपरापर्यंत फेस, शर्ट भिजलेला. "दोनच मिनिटं," तो म्हणाला, आणि लगेच विचारले, "फादर, तुम्ही जेवलात का?"

आमच्या हातास अजून तारल्यांचा वास येत होता. आम्ही हो म्हटले. तो हसला, बरे म्हणाला, व आत गेला.

दुसऱ्या दिवशी, सणाच्या सकाळी, आम्ही संत अंतोनींच्या चर्चला गेलो. हे चर्च कॅथेड्रलच्या शेजारीच, त्यांच्या जन्माच्या घराच्या जागी आहे. भूकंपात ते पडले, तेव्हा मुलांनी गल्लोगल्ली 'संतासाठी एक पैसा' मागून त्याच्या उभारणीस हातभार लावला अशी आठवण तेथे सांगतात. या दिवशी तेथे लहान गोल पाव आशीर्वाद देऊन वाटण्यात येतात. हा पाव घरी वर्षभर जपून ठेवावा, म्हणजे घरात अन्नाची वाण पडत नाही, अशी लोकांची श्रद्धा. पावाचा संबंध पदुआच्या एका दंतकथेशी जोडतात: पाण्यात बुडालेले आपले मूल जिवंत झाले तर त्याच्या वजनाइतके धान्य गरिबांस देईन, असा नवस एका आईने केला होता.

रांग लांब होती, आणि तीत तो होता. पहाटे काम संपवून, न झोपता, सरळ आला होता. त्याने दोन पाव घेतले. एक कागदात गुंडाळून आमच्या हाती दिला, "आईला." दुसरा हातात घेऊन तो चर्चच्या पायरीवर बसला. आम्हांस वाटले, प्रार्थना करील, मग खिशात ठेवील. त्याने तो मोडला, आणि कोरडाच, एकही कण न सांडता, खाऊन टाकला. वर्षभर जपावयाचा पाव तीन मिनिटांत संपला. शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईने हे पाहिले. तिने आपल्या पिशवीतील पाव काढला व काही न बोलता त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तोही खाल्ला.

त्या दिवशी संध्याकाळी आम्हांस एका मिस्सेत चार शब्द बोलावयाचे होते. पावावर प्रवचन तयार करून नेले होते. ते आम्ही केले नाही. शुभवर्तमान वाचले व खाली बसलो.

परतलो तो पाऊस सुरू झाला होता. दुसऱ्याच दिवशी पाव घेऊन आम्ही त्या घरी गेलो. बाईने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळास लावला व फळीवरच्या तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावले. मग समोर बसली. तो प्रश्न आता येणार म्हणून आम्ही मनाशी शब्द जुळवीत होतो.

तिने प्रश्न विचारला नाही. मोबाइल काढला आणि एकामागून एक छायाचित्रे आमच्यापुढे धरली.

"दर रविवारी ताट भरलेलं, फादर. दीड वर्षात एकदासुद्धा खरकटं दिसलं नाही. मला काय कळत नाही होय?"

आम्ही मान खाली घातली. "मसाला पोचला," एवढेच आम्हांस बोलता आले.

"त्याला आता मीच विचारते," ती म्हणाली. त्या रात्री तिने त्यास फोन केला. काय बोलणे झाले ते त्या दोघांस ठाऊक. पुढच्या रविवारी छायाचित्र आले नाही. त्याऐवजी पीठ मळताना बोटांस लागलेली नाचणी दाखविणारे एक आले, असे तिने आम्हांस सांगितले. पुढल्या वर्षी त्याने ते हॉटेल सोडले. आता तो तेजोच्या पलीकडे एका बेकरीत आहे. मध्यरात्री उठावे लागते, पण भट्टीतला पहिला पाव कामगारांचा, असे तो लिहितो.

त्या पावसाच्या दिवशी आम्ही उठू लागलो तेव्हा तिने उठू दिले नाही. समुद्रावर बंदी, ताजी मासळी नाही. सुक्या बांगड्याचे कालवण व तव्यावरची नाचणीची भाकरी तिने वाढली, आणि आमचे ताट स्वच्छ होईपर्यंत ती समोरून हलली नाही.